‘बाप्तिस्मा झाला’ आणि ‘बाप्तिस्मा घेतला’ : परंपरानिष्ठ बॅप्टिस्ट मतप्रणाली आणि तिची मराठी परिभाषा

१. प्रास्ताविक

ठाणे शहरात मासुंदा तलावाजवळ ‘सेंट जॉन द बॅप्टिस्ट’ या नावाचे जुने चर्च आहे. नावात ‘बॅप्टिस्ट’ हा शब्द असला तरी ते बॅप्टिस्ट पंथाचे नव्हे, तर रोमन कॅथलिक परंपरेचे आहे. येथे ‘बॅप्टिस्ट’ म्हणजे येशूला यार्देन नदीत बाप्तिस्मा देणारा योहान. याच शहरातील सेंट जेम्स चर्चची प्रतिष्ठापना बिशप हेबर यांच्या हस्ते १८२५ मध्ये झाली. ते अँग्लिकन परंपरेचे. कल्याणला १९८८ मध्ये सिरो-मलबार धर्मप्रांताची स्थापना झाली. या सर्व परंपरांत बाप्तिस्मा आहे आणि तान्ह्या बालकालाही तो दिला जातो. याउलट, ज्या पंथाने आपले नावच बाप्तिस्म्यावरून घेतले, तो पंथ मात्र बालकाला बाप्तिस्मा देत नाही. हा विरोधाभास वरवरचा नाही. बॅप्टिस्ट मतप्रणालीचे मर्म त्यातच दडलेले आहे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात ‘ख्रिस्ती’ हे विशेषण सरसकट एकाच अर्थाने वापरले जाते. मिशनऱ्यांची व्याकरणे, कोश, नियतकालिके, पद्ये आणि आत्मचरित्रे यांचा परामर्श घेताना लेखक कोणत्या पंथाचा, हा प्रश्न बहुधा तळटीपेत जातो. त्यामुळे बाप्तिस्मा, तारण, मंडळी, साक्ष या शब्दांना पंथपरत्वे येणाऱ्या वेगळ्या अर्थच्छटा निसटतात. परंपरानिष्ठ बॅप्टिस्ट मंडळीची प्रमुख श्रद्धातत्त्वे कोणती, ती परस्परांशी कशी निगडित आहेत आणि मराठीत व्यक्त होताना त्यांचे काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे. या सर्व तत्त्वांचा गाभा पाणी नसून व्यक्तीची जाणती कबुली हा आहे, असे या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

२. पंथाचा उगम : कबुली आधी, पाणी नंतर

इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून हॉलंडला गेलेल्या जॉन स्मिथ या धर्मोपदेशकाने १६०९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे स्वतःला आणि आपल्या अनुयायांना नव्याने बाप्तिस्मा दिला. या सर्वांचा बाप्तिस्मा बालपणी झालेला होताच. परंतु ज्या कृतीत आपली संमती नव्हती ती कृती आपली नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. येथे एक तपशील महत्त्वाचा ठरतो. हा पहिला बाप्तिस्मा पाणी ओतून दिला गेला होता, पूर्ण बुडवून नव्हे. संपूर्ण निमज्जनाचा आग्रह इंग्लंडमधील बॅप्टिस्टांत १६४० नंतर रूढ झाला आणि १६४४ च्या लंडन येथील विश्वासपत्रात तो शब्दबद्ध झाला. म्हणजे ऐतिहासिक क्रमाने पाहता ‘कोणाला’ हा प्रश्न आधी आला आणि ‘किती पाण्यात’ हा नंतर.

स्मिथचा सहकारी थॉमस हेल्विस याने मायदेशी परतून १६१२ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. राजाची सत्ता प्रजेच्या देहावर आणि मालमत्तेवर असली तरी तिच्या आत्म्यावर नाही, असा त्याचा दावा होता. तो केवळ ख्रिस्ती पंथांपुरता नव्हता. मुसलमान आणि यहुदी यांनाही तेच स्वातंत्र्य असले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. त्याबद्दल त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आले व तेथेच त्याचा अंत झाला. पुढे अमेरिकेत १६३८ च्या सुमारास रॉजर विल्यम्सने प्रॉव्हिडन्स येथे मंडळी स्थापन केली. १६८९ चे लंडन विश्वासपत्र आणि १८३३ चे न्यू हॅम्पशायर विश्वासपत्र हे बॅप्टिस्ट मतांचे पुढील टप्पे होत.

‘परंपरानिष्ठ’ हे विशेषण मात्र विसाव्या शतकातील आहे. बायबलची ऐतिहासिक चिकित्सा, उत्क्रांतिवाद आणि सामाजिक सुधारणेला प्राधान्य देणारे ख्रिस्ती विचार यांमुळे १९२० च्या दशकात अमेरिकन चर्चमध्ये मोठा वाद उद्भवला. जुन्या श्रद्धातत्त्वांना धरून राहणाऱ्या गटाने १९४३ मध्ये स्वतंत्र ‘कॉन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्ट’ परदेश मिशन संस्था उभारली. या संस्थेचे मिशनरी पुढे विदर्भात, अमरावतीच्या परिसरात कार्यरत झाले. त्यामुळे ही मतप्रणाली मराठी भाषिक प्रदेशाला केवळ ग्रंथांतून परिचित आहे असे नाही.

३. शास्त्र : अपौरुषेय की ईश्वरप्रेरित

परंपरानिष्ठ बॅप्टिस्ट मतप्रणालीचे पहिले तत्त्व म्हणजे बायबलचा अंतिम अधिकार. मूळ हस्तलिखितांच्या रूपात बायबलचे सहासष्ट ग्रंथ ईश्वरप्रेरित व प्रमादरहित आहेत, आणि श्रद्धा व आचार यांबाबत त्यांच्यावर कोणतीही परंपरा, धर्मसभा वा बिशप नाही, असे ती मानते. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेने बायबलसाठी ‘पवित्र शास्त्र’ ही संज्ञा रूढ केली. ‘शास्त्र’ या शब्दाने ग्रंथाला प्रामाण्य मिळते, परंतु त्यासोबत भारतीय श्रुतिप्रामाण्याची कल्पनाही येते. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कर्ताच नाही. बायबलला मात्र कर्ते आहेत. मोशे, दावीद, लूक, पौल यांची भाषा, स्वभाव आणि काळ त्यांच्या लेखनात उमटलेला आहे. ईश्वराने त्यांना प्रेरणा देऊन हवे ते लिहवून घेतले, ही धारणा अपौरुषेयत्वापेक्षा मूलतः वेगळी आहे.

या तत्त्वाचा भाषिक परिणाम दूरगामी झाला. अंतिम अधिकार ग्रंथाचा आणि तो वाचण्याची जबाबदारी प्रत्येक विश्वासणाऱ्याची असल्यामुळे ग्रंथ लोकभाषेत असणे अपरिहार्य ठरते. विल्यम कॅरे हा पेशाने चांभार असलेला इंग्लिश बॅप्टिस्ट होता. १७९२ मध्ये स्थापन झालेल्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचा तो पहिला प्रमुख कार्यकर्ता. श्रीरामपूर येथून त्याने पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठी व्याकरण (१८०५), मराठी-इंग्रजी कोश (१८१०) आणि नवा करार (१८११) सिद्ध केला. मुद्रित मराठी गद्याच्या इतिहासात ही नावे नेहमी येतात. त्यांच्यामागे असलेली प्रेरणा केवळ ‘धर्मप्रसार’ या शब्दात आटोपते. वास्तविक, मध्यस्थ पुरोहिताविना ग्रंथ आणि वाचक समोरासमोर आले पाहिजेत, हा बॅप्टिस्ट आग्रहही त्यामागे होता.

४. तारण, प्रायश्चित्त आणि नवा जन्म

त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, कुमारीपोटी झालेला त्याचा जन्म, त्याचे देहाने झालेले पुनरुत्थान व पुनरागमन ही तत्त्वे परंपरानिष्ठ बॅप्टिस्ट इतर सनातन ख्रिस्ती पंथांच्या बरोबरीने मानतात. त्यांच्या तारणविषयक मतात मात्र दोन गोष्टींवर विशेष भर असतो. मनुष्य पापी आहे आणि सत्कृत्यांनी तो स्वतःचे तारण करू शकत नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर त्याच्या जागी दंड सोसला आणि केवळ कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते तारण माणसाला मिळते.

येथे ‘प्रायश्चित्त’ हा शब्द अभ्यसनीय आहे. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त पाप करणाऱ्यानेच घ्यावयाचे असते. ख्रिस्ती मराठीत ते दुसऱ्याने केलेले असते आणि पापी माणसाने ते केवळ स्वीकारावयाचे असते. शब्द तोच राहिला, कर्ता बदलला. ‘तारण’ या शब्दाचे भाग्यही असेच आहे. भक्तिपरंपरेत देव भक्ताला भवसागरातून तारतो, त्यामुळे हा शब्द मराठी कानाला परका वाटत नाही. मात्र व्यवहारात तारण म्हणजे कर्जासाठी ठेवलेली हमीची वस्तू. एकाच्या ऋणासाठी दुसऱ्याने दिलेली हमी, हा व्यावहारिक अर्थ बदली दंडाच्या सिद्धान्ताला अनपेक्षितपणे जवळचा ठरतो. खऱ्या विश्वासणाऱ्याचे तारण पुन्हा नष्ट होत नाही, हे या मतप्रणालीतील आणखी एक प्रमुख तत्त्व होय.

तारण पावलेल्या माणसाचा ‘नवा जन्म’ होतो. या संज्ञेचा पुनर्जन्माशी संबंध नाही, हे उघड आहे. तिची खरी तुलना ‘द्विज’ या कल्पनेशी करता येते. उपनयनानेही दुसरा जन्म होतो, परंतु त्याचा अधिकार पहिल्या जन्मावर, म्हणजे वर्णावर अवलंबून असतो. बॅप्टिस्ट मतानुसार नव्या जन्माचा पहिल्या जन्माशी कोणताच संबंध नाही. ख्रिस्ती आईबापांचे मूल ख्रिस्ती म्हणून जन्माला येत नाही. या मंडळ्यांत नवजात बालकाला प्रार्थनापूर्वक देवाला समर्पित केले जाते, पण समर्पण म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. मूल कळते झाल्यावर त्याने स्वतः निर्णय घ्यावयाचा असतो.

श्रीरामपूरच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. २८ डिसेंबर १८०० रोजी कॅरेने हुगळी नदीत कृष्ण पाल या बंगाली सुताराला बाप्तिस्मा दिला. भारतीय मिशनच्या इतिहासात ही घटना प्रसिद्ध आहे. त्याच दिवशी त्याच नदीत आणखी एका व्यक्तीचा बाप्तिस्मा झाला, तिचा उल्लेख मात्र क्वचित होतो. ती व्यक्ती म्हणजे कॅरेचा मुलगा फेलिक्स. मिशनऱ्याचा मुलगा आणि नवा बंगाली अनुयायी एकाच पातळीवर पाण्यात उतरले. जन्माने कोणीही आत नाही आणि जन्मामुळे कोणीही बाहेर नाही, हे तत्त्व त्या प्रसंगात मूर्त झाले.

५. बाप्तिस्मा : एका न अनुवादिलेल्या शब्दाचा इतिहास

बॅप्टिस्ट मतानुसार बाप्तिस्मा ही विश्वासाची जाहीर कबुली आहे. पाण्याखाली जाणे हे ख्रिस्ताबरोबरच्या मरणाचे आणि दफनाचे, तर पाण्यातून वर येणे हे पुनरुत्थानाचे चिन्ह. बाप्तिस्म्याने पाप धुतले जात नाही. पाप क्षमा झाल्याची ती साक्ष असते. म्हणून तो विश्वासानंतरच घ्यावयाचा आणि तो संपूर्ण निमज्जनाने घ्यावयाचा.

ग्रीक ‘बाप्तिझो’ या क्रियापदाचा मूळ अर्थ बुडवणे असा आहे, या आग्रहाने कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट अनुवादकांनी बंगाली नव्या करारात ‘बुडवणे’ याच अर्थाचा शब्द योजला. त्यावरून मोठा वाद झाला. एका पंथाचे मत अनुवादात घुसविले जात आहे, असा इतरांचा आक्षेप होता. मूळ शब्दाचा अर्थ लपविणे हेच पक्षपाताचे आहे, असे बॅप्टिस्टांचे उत्तर होते. १८३६ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीने अशा अनुवादांना साहाय्य नाकारले. त्यातून अमेरिकेत वेगळी बायबल संस्था निघाली आणि इंग्लंडमध्ये १८४० साली बॅप्टिस्टांनी आपली ‘बायबल ट्रान्सलेशन सोसायटी’ स्थापन केली. एका शब्दापायी दोन देशांत नव्या संस्था उभ्या राहिल्या.

मराठीत हा वाद त्या तीव्रतेने उद्भवला नाही. याचे कारण एका योगायोगात आहे. १८१२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रिगेशनल चर्चने भारताकडे पहिले मिशनरी पाठविले. त्यांपैकी अडोनिरम जडसन याने प्रवासातच बाप्तिस्म्याविषयीच्या मूळ वचनांचा अभ्यास केला आणि सप्टेंबर १८१२ मध्ये कलकत्त्यास निमज्जनाने बाप्तिस्मा घेऊन तो बॅप्टिस्ट झाला. पाठोपाठ ल्यूथर राइसही झाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे त्यांचे सहकारी मात्र जुन्या मतावर कायम राहिले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. त्यांनी उभारलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये मराठी नवा करार छापला. ठाणे हे या मिशनचे मुंबईबाहेरचे एक आरंभीचे केंद्र होते आणि जॉन निकोल्स हे मिशनरी तेथे राहत होते. स्कॉटिश मिशनचे कार्यकर्तेही बालबाप्तिस्मा मानणारेच होते. अशा प्रकारे मराठी नव्या कराराचा मुद्रित आरंभ एका बॅप्टिस्टाने केला, पण मराठी ख्रिस्ती परिभाषा स्थिरावली ती बॅप्टिस्टेतरांच्या हातून. ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्दच मराठीत राहिला आणि रूढ भाषांतरात तो ‘पाण्याने’ करावयाचा झाला. ‘पाण्यात’ हे अधिकरण बॅप्टिस्टांना स्पष्टीकरणात जोडावे लागते.

यातील गंमत पुढे आहे. वसई-ठाणे परिसरातील मराठी कॅथलिकांत बाप्तिस्म्यासाठी ‘स्नानसंस्कार’ हा शब्द रूढ आहे. जे सामान्यतः मस्तकावर पाणी ओततात त्यांच्याकडे स्नान हा शब्द आहे, आणि जे संपूर्ण बुडवतात त्यांच्याकडे अर्थ न उलगडणारा ग्रीक शब्द आहे. तरीही परंपरानिष्ठ बॅप्टिस्टाला ‘स्नानसंस्कार’ हा शब्द चालणार नाही. अडचण ‘स्नान’ या पदाची नसून ‘संस्कार’ या पदाची आहे. धर्मशास्त्रात संस्कार हा व्यक्तीवर केला जातो. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतच्या सोळा संस्कारांपैकी कित्येकांत व्यक्तीची संमती संभवतच नाही, तरी संस्कार फलदायी होतो. कॅथलिक मतातही बाप्तिस्मा कृपा देणारा असल्याने ‘संस्कार’ हा शब्द तेथे समर्पक ठरतो. बॅप्टिस्ट मतानुसार बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन केवळ ख्रिस्ताने नेमून दिलेले विधी आहेत. त्यांनी कृपा दिली जात नाही, मिळालेल्या कृपेचे स्मरण व प्रकटन होते. भाकर आणि द्राक्षरस हे ख्रिस्ताच्या देहाचे व रक्ताचे स्मरणचिन्ह असून त्यांचे स्वरूप पालटत नाही.

६. दोन क्रियापदे

मराठी भाषेने मात्र हा मतभेद दुसऱ्या मार्गाने टिपला आहे. ‘त्याचा बाप्तिस्मा झाला’ आणि ‘त्याने बाप्तिस्मा घेतला’ या दोन वाक्यांत कर्तृत्वाचा फरक आहे. पहिल्यात व्यक्ती घटनेचा विषय आहे, दुसऱ्यात ती कर्ती आहे. बालकाचा बाप्तिस्मा होतो. जाणती व्यक्ती तो घेते. बॅप्टिस्ट मतप्रणालीचा सारांश या दुसऱ्या क्रियापदात आहे, असे म्हणता येईल.

या दृष्टीने मराठी वाङ्मयेतिहासातील काही परिचित प्रसंग पुन्हा पाहता येतात. त्यांतील व्यक्ती बॅप्टिस्ट नव्हत्या, परंतु बॅप्टिस्टांनी उपस्थित केलेला प्रश्न त्यांच्या आयुष्यात उभा राहिलेला दिसतो. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेतला. त्याच वेळी त्यांची अवघ्या दोन वर्षांची कन्या मनोरमा हिचाही बाप्तिस्मा झाला. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, आईने घेतला आणि मुलीचा झाला. पुढे सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी चर्चच्या अधिकारापेक्षा आपल्या सदसद्विवेकाला श्रेष्ठ मानले आणि मनोरमेच्या धार्मिक शिक्षणाचा प्रश्न दोघींतील वादाचा विषय झाला. दुसऱ्याच्या आत्म्याविषयी निर्णय कोणी घ्यावा, हाच त्या वादाचा गाभा होता.

१८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. तो अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर नंतर मोठा वाद माजला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीकरणाचा पक्ष घेतला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, तरीही तो ‘बाटला’ असे समाजाने मानले. म्हणजे समाजाच्या लेखी श्रद्धेच्या कबुलीपेक्षा सहभोजन आणि सहवास अधिक निर्णायक होते.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो सुमारे पाच वर्षांनी घेतला. ‘स्मृतिचित्रे’मधील मोठे नाट्य या मधल्या काळात आहे. पतीच्या निर्णयाने पत्नी आपोआप ख्रिस्ती झाली नाही. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना तिला स्वतःच ओलांडाव्या लागल्या. बाप्तिस्मा ‘घेणे’ म्हणजे काय, याचे इतके प्रत्ययकारी चित्र मराठीत अन्यत्र विरळाच. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ या संकल्पनेतून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना एकत्र आणू पाहिले. येथे परंपरानिष्ठ बॅप्टिस्ट त्यांच्याशी सहमत होणार नाही. विश्वास अंतःकरणात असतो हे दोघांनाही मान्य आहे, परंतु जो विश्वास जाहीर कबुलीस कचरतो त्याला मंडळीचे सभासदत्व देता येत नाही, असे त्याचे उत्तर असेल.

७. मंडळी, साक्ष आणि विवेकस्वातंत्र्य

‘चर्च’ या अर्थी प्रॉटेस्टंट मराठीने योजलेला ‘मंडळी’ हा शब्द अत्यंत घरगुती आहे. घरची मंडळी, श्रोते मंडळी अशा प्रयोगांत तो माणसांचा समुदाय दाखवितो, वास्तू नव्हे. बॅप्टिस्टांना हाच अर्थ अभिप्रेत आहे. नवा जन्म पावलेल्या आणि बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांचा स्थानिक समुदाय म्हणजे मंडळी. तिच्यावर बिशप नाही. पाळकाची निवड, सभासदांचा प्रवेश, शिस्तभंगाची कारवाई आणि जमाखर्च हे सर्व सभासदांच्या सभेत ठरते. अनेक मंडळ्या एकत्र येऊन संघ करतात, परंतु संघाची आज्ञा मंडळीवर चालत नाही.

या तत्त्वाची कसोटी महाराष्ट्रातच लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, मेथॉडिस्ट, संयुक्त मंडळी, ब्रेद्रन आदी परंपरांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना केली. उत्तर भारतातील बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही तीत सामील झाली. बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही प्रथा तेथे मान्य करण्यात आल्या. परंपरानिष्ठ बॅप्टिस्टांना असा समन्वय मान्य होणे कठीण होते. दोन्ही पद्धती योग्य मानणे म्हणजे कबुलीची अट ऐच्छिक करणे, आणि बिशप स्वीकारणे म्हणजे मंडळीची स्वायत्तता सोडणे, असे त्यांच्या तर्काने ठरते.

मंडळीत प्रवेश करताना उमेदवाराला सर्वांसमोर आपली ‘साक्ष’ द्यावी लागते. पूर्वायुष्य, पापाची जाणीव, ख्रिस्ताची भेट आणि नंतरचे परिवर्तन अशी तिची स्थूल घडण असते. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या मौखिक प्रकाराची दखल घ्यावी लागेल. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’, रमाबाईंची ‘माझी साक्ष’ आणि ‘स्मृतिचित्रे’ ही पंथाने भिन्न असलेली लेखने या घडणीशी नाते सांगतात. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाशी तुलना केली असता मात्र भेदही दिसतो. संतांचे आत्मनिवेदन देवाला आणि गुरुपरंपरेला उद्देशून असते. साक्ष ही निर्णय देऊ शकणाऱ्या समुदायापुढे केलेली असते. म्हणून तिच्यात पुराव्याची भाषा येते आणि परिवर्तनाची तारीखही सांगितली जाते.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली हा परिसर या मतप्रणालीच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि पुढील वर्षी कल्याणपर्यंत लोहमार्ग आला, तेव्हापासून येथे निरनिराळ्या प्रांतांतील लोक वसत गेले. तेलुगू भाषिकांत बॅप्टिस्ट परंपरा जुनी आहे. नेल्लोर येथील मिशन १८४० च्या सुमाराचे, आणि ओंगोल परिसरात ३ जुलै १८७८ या एका दिवसात २,२२२ जणांना बाप्तिस्मा दिल्याची नोंद प्रसिद्ध आहे. अशा परंपरा स्थलांतरितांबरोबर नव्या नगरांत येतात. वडिलोपार्जित देवस्थान नसलेल्या उपनगरात, भाड्याच्या सभागृहातही मंडळी उभी राहू शकते, कारण मंडळी म्हणजे वास्तू नव्हे. तथापि याच परिसराला फार जुना ख्रिस्ती इतिहासही आहे. सहाव्या शतकातील कॉसमस याने ज्या ‘कल्लियाना’ नगरातील ख्रिस्ती समाजाचा व बिशपचा उल्लेख केला ते कल्याण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला, आणि त्यांचा सहप्रवासी जॉर्डानस याने ठाणे-सोपारा भागात बाप्तिस्मे दिल्याचे आपल्या पत्रात लिहून ठेवले. पोर्तुगीज काळापासून पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेली घराणी येथे आहेत. त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ती असणे हा वारसा आहे, तर शेजारच्या बॅप्टिस्ट मंडळीच्या दृष्टीने तो वारशाने मिळूच शकत नाही.

विवेकस्वातंत्र्य आणि धर्मसत्ता-राज्यसत्ता यांची फारकत ही या मताची स्वाभाविक परिणती होय. जो विश्वास बळाने, लोभाने वा वारशाने येतो तो विश्वासच नव्हे. एकाच कुटुंबातील पती, पत्नी, कन्या आणि पुत्र यांनी आपापल्या विवेकाप्रमाणे भिन्न धर्म स्वीकारावेत व तरीही प्रेमाने एकत्र राहावे, असे चित्र जोतीराव फुले यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ (१८९१) मध्ये रेखाटले. त्यांची धर्मकल्पना बॅप्टिस्टांहून पूर्णतः वेगळी होती, परंतु श्रद्धेचे एकक कुटुंब वा जात नसून व्यक्ती आहे, या एका मुद्द्यावर दोन्ही विचार जवळ येतात.

८. अंतर्विरोध आणि समारोप

या मतप्रणालीत ताण नाहीत असे नाही. प्रत्येक विश्वासणारा याजक आहे असे मानणाऱ्या परंपरानिष्ठ मंडळ्यांत पाळकपद मात्र बहुधा पुरुषांपुरते राखलेले असते. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांनी २००० च्या विश्वासपत्रात तसे स्पष्ट नमूद केले. आधारासाठी ते पौलाच्या पत्रांकडे बोट दाखवितात. शास्त्राचा अधिकार आणि विश्वासणाऱ्यांची समता ही दोन तत्त्वे येथे परस्परांसमोर उभी राहतात. दुसरा ताण असा की, प्रत्येकाच्या विवेकाचा आदर करणारे हे मत ख्रिस्ताखेरीज तारणाचा अन्य मार्ग मानीत नाही. स्वातंत्र्य निवडीचे आहे, सर्व निवडी सारख्याच सत्य आहेत असे नव्हे, ही त्याची भूमिका होय.

सर्वांत मोठा ताण मात्र मंडळीच्या बाहेर आहे. भारतीय समाज आणि शासनव्यवहार धर्माला प्रामुख्याने जन्मसिद्ध ओळख मानतो. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश प्रारंभी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. त्यामुळे दलित व्यक्तीने दिलेली कबुली केवळ आत्मिक राहत नाही. तिचे परिणाम शिष्यवृत्तीपासून नोकरीपर्यंत पोहोचतात. बाप्तिस्म्याने काहीही ‘मिळत’ नाही, असे सांगणाऱ्या मताच्या अनुयायाला बाप्तिस्म्यामुळे बरेच काही गमवावे लागू शकते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय दिला. ‘दुसऱ्याचे धर्मांतर करणे’ ही गोष्ट बॅप्टिस्ट तत्त्वानुसार मुळातच अशक्य आहे, कारण कबुली ज्याची त्यानेच द्यावयाची असते. ज्या मंडळ्यांच्या प्रत्यक्ष व्यवहारात या तत्त्वाला बाधा येते, त्यांचे मूल्यमापनही याच तत्त्वाने करता येईल.

‘बाप्तिस्मा’ या शब्दाचे मराठी वाचकाने आजवर बहुधा दोन अर्थ केले आहेत. एकाने त्यात ‘बाटणे’ पाहिले, दुसऱ्याने ‘संस्कार’. पहिल्या अर्थात व्यक्ती समाजाकडून भ्रष्ट ठरते, दुसऱ्यात ती विधीकडून पवित्र होते. दोहोंतही ती स्वतः काही करीत नाही. परंपरानिष्ठ बॅप्टिस्ट मतप्रणालीने आग्रहाने मांडलेला तिसरा अर्थ म्हणजे कबुली. त्याच्याशी सहमत होणे वा न होणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाचताना वाक्यातील क्रियापद ‘झाला’ आहे की ‘घेतला’, हे पाहण्याची सवय अभ्यासकाने लावून घेतली, तर एरवी एकसुरी वाटणाऱ्या या वाङ्मयातील माणसे वेगवेगळी दिसू लागतील.